मुठीतला हुनर आणि लिनक्सवाल्यांची रीत

आमच्या कुंभवलीत डायचे काम करणारे एक वयोवृद्ध उस्ताद होते. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. कोरून झालेल्या डायला पाणी देण्याची, म्हणजे ती लालबुंद तापवून थंड करून कडक करण्याची, त्यांची स्वतःची एक रीत होती. दुसऱ्यांच्या डायला कडेने तडे जात, त्यांच्या डायला जात नसत. शागिर्दांना ते सारे काही मनापासून शिकवीत; पण पाणी देण्याची वेळ आली की आतून कडी लावून घेत. त्यांचा इंतकाल झाला तेव्हा त्या रीतीचे दोन शब्दही कोणाजवळ उरले नव्हते, त्यांच्या स्वतःच्या मुलाजवळसुद्धा नाही. मुलगा आज मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो.

या पानाच्या वाचकांत कारागीर पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या मोहल्ल्यात असे एखादे उस्ताद असतीलच. आज त्यांची आठवण निघाली ती एका अगदी वेगळ्या जमातीच्या माणसांमुळे. ही माणसे संगणकावर लिनक्स वापरतात, फावल्या वेळात यंत्रे जोडतात, आणि आपल्याला जे सापडले ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वाचक म्हणतील, याचा आपल्या धंद्याशी काय संबंध? तोच सांगावयाचा आहे.

बोईसर, चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा कित्येक पिढ्यांचा आहे. सोन्या-चांदीचा पत्रा या डायवर दाबला की नक्षी उठते. हा हुनर कोणा एका बिरादरीचा नाही. हिंदू-मुसलमान सर्वच जण एका बाकावर बसून हे काम शिकले. आता त्या बाकाशेजारी सीएनसी यंत्र येऊन बसले आहे. सराफ नक्षी संगणकावरून पाठवतो आणि माल चार दिवसांत मागतो. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला काम मिळते. ज्याच्याकडे नाही तो यंत्रवाल्याकडून उरलेले हातकाम घेतो. तारापूर वसाहतीच्या कडेला लेथ, वेल्डिंग आणि जॉबवर्कची जी लहान वर्कशॉपे आहेत त्यांचीही गत फारशी निराळी नाही.

आम्हीही एक जुने, दुसऱ्या हाताचे राउटर यंत्र घेतले होते. लोखंडी सांगाडा भक्कम, स्क्रू चांगले, मोटारी चांगल्या. एका पावसाळ्यात त्याचा कंट्रोलर, म्हणजे यंत्राला हुकूम देणारी पेटी, बंद पडला. ज्यांच्याकडून यंत्र आले होते त्यांनी सांगितले की ते मॉडेल आता येत नाही, पेटी उघडता येणार नाही, तिच्यातील प्रोग्रामला कुलूप आहे. नवी पेटी घ्या. नव्या पेटीची किंमत आमच्या अख्ख्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होती. कर्ज काढावे तर व्याज, न काढावे तर यंत्र भंगारात. पाच महिने त्या यंत्रावर आम्ही गोणपाट टाकून ठेवले होते. यंत्र आमचे, पैसे आमचे. पण त्याची अक्कल दुसऱ्याच्या मुठीत.

शेजारच्या चाचांचा नातू आयटीआयमध्ये शिकतो. त्याने गोणपाट उचलून पाहिले आणि विचारले, ‘‘मोटारी फिरतात ना? मग पेटी कशाला पाहिजे? जुना संगणक असला तर लिनक्सवर चालेल.’’ आम्ही हसलो. पोराने आणलेल्या भंगारातल्या संगणकावर यंत्र चालणार, हे कोणाच्या गळी उतरावे!

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, जशी विंडोज, तशीच ही एक. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्डस या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि जगासमोर उघडा ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली. ती कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. अट एवढीच की बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची उघडी मांडणीही त्याला द्यावी, कुलूप लावून देऊ नये.

आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्स वापरणाऱ्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रांगत येई. म्हणून पीसीक्वेस्ट या मासिकाबरोबर मिळणारी लिनक्सची सीडी एकाने घ्यावी आणि दहा जणांनी उतरवून घ्यावी. त्यात चोरी नव्हती, कारण परवानाच तसा होता. लोक आपला संगणक उचलून एखाद्या कॉलेजच्या खोलीत आणीत आणि ज्याला येई तो दुसऱ्याच्या संगणकावर लिनक्स बसवून देई. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचीही अशी मंडळी आहे. यांत पगार कोणाला नाही आणि ‘साहेब’ही कोणी नाही.

या लोकांची मदत मागण्याची जी शिस्त आहे तिचे आम्हाला सर्वांत अधिक कौतुक वाटते. आपल्याकडे कारागीर काय म्हणतो? ‘‘यंत्र चालत नाही, जरा येऊन बघा.’’ तेथे असे चालत नाही. काय करू पाहत होतो, नेमके काय केले, यंत्राने पडद्यावर कोणते शब्द लिहिले ते जसेच्या तसे, आधी कोणते उपाय करून पाहिले. एवढे सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आणि उत्तर मिळून काम झाले की, ‘अमुक केल्याने झाले’ हे परत येऊन सांगणे हाही शिष्टाचार आहे, म्हणजे पुढच्याला त्याच खड्ड्यात पडावे लागत नाही. सुरुवातीला आम्हाला हा प्रकार उर्मटपणाचा वाटला. नंतर ध्यानात आले की निम्म्या वेळा प्रश्न नीट लिहितानाच चूक सापडते.

आता आमच्या यंत्राकडे येऊ. सीएनसी यंत्र चालवण्यासाठी लिनक्सवर लिनक्ससीएनसी नावाची प्रणाली आहे. तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकन सरकारच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेने १९९०च्या दशकात यंत्रे चालवण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. सरकारी पैशाचे काम म्हणून तो जनतेला खुला झाला. संस्थेने पुढे त्यातून अंग काढून घेतले तेव्हा घरच्या शेडमध्ये लेथ आणि मिलिंग ठेवणाऱ्या शौकीन लोकांनी तो उचलला आणि आजतागायत वाढवत नेला. कोणी आपल्या मशीनसाठी एक तुकडा लिहिला, कोणी दुसरा. प्रत्येकाने तो सामाईक पोत्यात टाकला. आज तो विनामूल्य उतरवून घेता येतो आणि आमच्या राउटरसारख्या यंत्राला जे जे लागते ते त्याच्याने होते.

जुन्या संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी रुंद, पंचवीस छिद्रांचा जोड असे, त्याला पॅरलल पोर्ट म्हणतात. आजच्या संगणकांवर तो नसतो. भंगारातले संगणक म्हणूनच कामाचे! त्या जोडातून निघालेले विजेचे ठोके मोटारीच्या ड्रायव्हरला जातात आणि प्रत्येक ठोक्याला मोटार एक पायरी सरकते. ठोका वेळेवर पडला पाहिजे. साधा संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंततो आणि ठोका चुकतो; म्हणून येथे लिनक्सचा खास वेळेचा पक्का गाभा वापरतात. संगणक किती पक्का आहे ते तपासण्याची चाचणी प्रणालीतच आहे. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या पंधरा-वीस भागांपलीकडे चूक जाऊ नये. आम्ही पाहिलेल्या तीन संगणकांपैकी जो सर्वांत महागडा होता तो या परीक्षेत नापास झाला आणि कार्यालयातून फेकलेला एक काळा डबा पास!

पोराने यंत्र जोडले. पहिल्याच दिवशी यंत्राला शंभर मिलिमीटर जा म्हटले तर ते सव्वाशे मिलिमीटर गेले आणि कडेच्या पट्टीवर आदळले. दोन दिवस आम्ही मोटारींना दोष देत होतो. शेवटी पोराने त्या मंडळींच्या शिस्तीने सारे कागदावर लिहिले. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या. ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे आठ भाग करतो, म्हणजे १६०० ठोके. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ४ मिलिमीटर सरकते. म्हणून मिलिमीटरला ४०० ठोके. लिहून पुण्याच्या एका शौकिनाला दाखवले. तो आम्हाला ओळखत नव्हता, आजही समोरासमोर भेट नाही. त्याने एकच प्रश्न विचारला: सव्वापट म्हणजे पाचास चार, स्क्रू खरोखर मोजला का? मोजला, तो ५ मिलिमीटरचा निघाला. ४००च्या जागी ३२० लिहिले आणि यंत्र सरळ झाले. जो आकडा पेटीत कुलपाआड होता तो येथे साध्या मजकुराच्या फाइलीत आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि चुकला तेव्हा आमच्या हाताने दुरुस्त झाला. पाच महिने पडून असलेल्या यंत्राचा हिशेब एका भागाकाराचा होता.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. यंत्र ताबडतोब थांबवण्याचे लाल बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नये. ते दाबताच स्पिंडलची आणि मोटारींची वीज तोडणारे सर्किट वेगळे, तारेने जोडलेले असावे, आणि ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. संगणक अडकू शकतो. बोटे पुन्हा येत नाहीत. पोराने हे आम्हाला सांगितले नव्हते, त्याच पुण्याच्या गृहस्थाने न विचारता बजावले.

यंत्र चालू झाल्यावर स्क्रिप्टची गोडी लागली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेली कामांची यादी. बारा पाकळ्यांचे फूल कोरायचे तर पूर्वी बारा वेळा आखावे लागे. आता एक पाकळी आखायची आणि तीस-तीस अंशांनी फिरवत बारा वेळा कापायचा हुकूम आठ-दहा ओळींत लिहायचा. पाकळ्या सोळा हव्यात? दोन आकडे बदला. बोईसरच्या एका व्यापारी मित्राकडे डिझाइनचे दोनेक हजार फोटो विस्कळीत पडले होते. गिऱ्हाइकाला पाठवायला प्रत्येक फोटो लहान करून त्यावर क्रमांक टाकायचा होता. दुकानातला मुलगा आठवडाभर एकेक करत बसला असता. पोराने पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि चहा होईपर्यंत काम झाले. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी अडून बसू नये: मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि स्क्रिप्ट लिहिण्याचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात विनामूल्य आहेत.

आता मूळ मुद्दा. आम्ही ही हकिकत डायवाल्यांच्या एका बैठकीत सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ उस्ताद म्हणाले, ‘‘भाईजान, सगळेच सगळ्यांना सांगितले तर आम्ही खायचे काय?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याची सारी कमाई हातातल्या एका रीतीवर उभी आहे त्याला मूठ उघड असे सांगणे सोपे, त्याच्या जागी बसून ती उघडणे कठीण.

पण नीट पाहिले तर त्या मुठीत दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक नक्षी आणि दुसरी यंत्राची व अवजाराची विद्या. नक्षी तुमची आहे. ती कोणालाही देऊ नका. लिनक्सवालेही ती मागत नाहीत. त्यांचा परवाना प्रोग्रामला लागू आहे, त्या प्रोग्रामने तुम्ही जी डाय कापली तिला नाही. तुमचे गिऱ्हाईक, तुमचा भाव, तुमच्या हाताची सफाई, सारे तुमच्याजवळच राहते. मोटारीचा आकडा कसा काढावा, कोणते कटर कोणत्या पोलादावर तुटते, ड्रायव्हर का तापतो, या गोष्टींनी मात्र कोणाचे पोट भरत नाही. त्या न कळल्याने सर्वांचेच पोट उपाशी राहते. आज या पट्ट्यात दहा वर्कशॉपे एकच चूक दहा वेळा करतात आणि दहा वेळा पैसे मोजतात. ते पैसे कोणाकडे जातात? कुलूपबंद पेटी विकणाऱ्याकडे. आपण शेजाऱ्यापासून लपवतो आणि तिऱ्हाइताचे घर भरतो.

आम्ही स्वतःही याला अपवाद नव्हतो. पेटी बंद पडण्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या वर्कशॉपवाल्याच्या यंत्राला तसाच रोग झाला होता आणि पेटीतला एक कपॅसिटर बदलून ते चालते हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही बोललो नाही. त्याचे काम महिनाभर आमच्याकडे आले, हे खरे. पुढे आमची पेटी बिघडली, वेगळ्याच कारणाने, तेव्हा त्याच्या दारात जाण्याचे तोंड आम्हाला राहिले नव्हते.

दुसरा मुद्दा चोरीच्या सॉफ्टवेअरचा. आपल्या बाजारात कितीतरी संगणकांवर डिझाइनची आणि हिशेबाची सॉफ्टवेअरे कुलूप फोडलेली असतात, हे सांगायला पुरावा नको. कायद्याने पाहावे तर १९९४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात असा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दीनच्या बाजूने पाहावे तर १९८८ साली कुवेतमधील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखनाचे, शोधाचे आणि व्यापारी नावाचे हक्क शरीअतच्या दृष्टीने जपण्याजोगे आहेत, त्यांवर अतिक्रमण जायज नाही, असा ठराव केला. एकीकडे व्याजाचा पैसा नको म्हणून कर्ज टाळायचे आणि दुसरीकडे फोडलेल्या सॉफ्टवेअरवर रोजी कमवायची, ही विसंगती आपण किती दिवस चालवणार? जेथे मालकानेच ‘घ्या आणि वाटा’ म्हटले आहे तो रस्ता समोर असताना तर मुळीच नाही.

मात्र वाचकांची फसगत होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. लिनक्स फुकट आहे, वेळ फुकट नाही. आमचे यंत्र उभे राहायला दीड महिना लागला, तोही पोराच्या संध्याकाळी धरून. ज्याच्या यंत्रावर रोजची ऑर्डर चालू आहे त्याने ते उघडून प्रयोग करू नयेत. आधी पडलेले यंत्र घ्यावे. मध्यरात्री काम अडले तर फोन उचलायला कोणी बांधलेला नाही. मदत करणारा स्वखुशीने करतो, त्याच्यावर हक्क सांगता येत नाही. मोठ्या कारखान्याने कंपनीचा कंट्रोलर आणि वार्षिक दुरुस्तीचा करारच घ्यावा हे बरे. हिशेबाचे आणि जीएसटीचे काम आम्ही स्वतः अजून विंडोजवर, पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरवरच करतो, कारण आमचे सीए तेच वापरतात.

भंगारच्या धंद्यातील बंधूंना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पॅरलल पोर्ट असलेला चालू संगणक किलोच्या भावाने देऊ नका. तो तपासून, लिनक्स बसवून विकला तर वर्कशॉपवाला आनंदाने जास्त पैसे देईल. जुन्या मालकाची माहिती डिस्कवरून पूर्ण पुसावी, तेवढी अमानतदारी पाहिजे. आणि हा धंदा पद्धतशीर करायचा तर २०२२च्या ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते, हे आधी पाहून घ्यावे.

खेड्यात हे जमेल काय, अशी शंका ज्यांना येते त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळला जाऊन यावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवण्यासाठी. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेने ‘फॅब लॅब’ म्हणून यंत्रे आणि संगणक एकत्र असलेली उघडी कार्यशाळा जगभर नेली; तिच्या अगदी सुरुवातीच्या शाखांपैकी एक २००२ साली याच पाबळात निघाली. पाबळ काही शहर नव्हे. कुंभवलीच्या दाराशी तर अख्खी औद्योगिक वसाहत आहे.

आम्ही फार मोठे काही मागत नाही. संस्था नको, अध्यक्ष नको, वर्गणी नको. आमच्या वर्कशॉपला शुक्रवारी सुट्टी असते. जुम्याची नमाज आणि जेवण झाल्यावर तीन ते पाच दार उघडे राहील. तेथे एक जाड वही ठेवली आहे. ज्याने त्याने आपल्या यंत्राचा रोग, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम तीत लिहावा. न जमलेला उपाय तर अवश्य लिहावा. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, पोर लिहून घेईल. पहिले पान त्या उस्तादांच्या नावे रिकामे सोडले आहे. पाणी देण्याविषयी ज्या शागिर्दाला बंद दाराआडून वास, आवाज, वेळ, जे काही आठवत असेल ते त्याने तेथे लिहावे. दहा जणांचे तुकडे जोडून काही हाती लागते का ते पाहू.

आणि आमच्या राउटरचा उभा अक्ष लांब कामात अजून कधीकधी एखादी पायरी गाळतो. वेग कमी करून पाहिला, तारा बदलल्या, ड्रायव्हरला पंखा लावला. फरक पडला नाही. कोणाला कारण ठाऊक असेल तर त्याने शुक्रवारी यावे. चहा आमच्याकडे.